दहा बाय चौदाचा गाळा आणि ८५ एमएमचा मोह

पत्र थोडक्यात: वाचक २९ वर्षांच्या, ठाण्यात स्टेशनपासून पायी अंतरावर राहणाऱ्या. वडिलांचा जवळच फोटो स्टुडिओ आहे. दहा बाय चौदा फुटांचा पागडीचा गाळा, ३५ वर्षं चाललेला. आता तिथे पासपोर्ट साइझ फोटो, झेरॉक्स आणि लॅमिनेशन एवढंच उरलं आहे. वाचक नोकरी करतात आणि दोन वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी तलावपाळीला किंवा उपवन तलावाकाठी ओळखीच्यांचे पोर्ट्रेट काढतात. २४ मेगापिक्सेलचा जुना क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स एवढं सामान (एमएमचा आकडा मोठा तेवढं चित्र जवळ ओढलेलं, एफचा आकडा लहान तेवढी लेन्स जास्त उघडी). नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करायची इच्छा आहे, पण “माझ्या फोटोत माणसं आखडलेली दिसतात.” मित्रमंडळी सांगतात, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि ८५ एमएम एफ १.४ लेन्स घे. त्यासाठी तीन लाखांचं कर्ज काढावं लागेल. भाऊ म्हणतो, गाळा मोबाइल ॲक्सेसरीजवाल्याला द्या आणि माळ्यावरचे निगेटिव्हचे डबे भंगारात काढा. बाबांचं “मान सरळ, हनुवटी खाली, इथे बघा” ऐकलं की त्यांना लाज वाटते. स्टुडिओतला लाइट खोटा वाटतो. शिवाय गिऱ्हाईक “जरा गोरं करा” म्हणतं तेव्हा काय करावं, हेही त्यांनी विचारलं आहे.

तुमचं पत्र वाचून कर्जाच्या आधी गाळ्याचा हिशेब मांडला. गाळा चौदा फूट खोल. पुढचे चार फूट काउंटर आणि झेरॉक्स मशीनने खाल्लेले धरू, राहिले दहा. बसणारा माणूस मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे हवा, नाहीतर त्याची सावली भिंतीला चिकटते. कॅमेऱ्यामागे तुम्हाला उभं राहायला दीड फूट. म्हणजे कॅमेरा आणि चेहरा यांच्यात उरतात साडेपाच फूट, साधारण १.७ मीटर. एवढ्या अंतरावरून तुमच्या आताच्या कॅमेऱ्यावर ५० एमएम लावून फ्रेम उभी धरलीत तर वरपासून खालपर्यंत सुमारे अडीच फूट माणूस मावतो, डोक्यावर थोडी जागा सोडून कंबरेच्या जरा वरपर्यंत. फुल फ्रेमवर ८५ एमएम लावून तिथेच उभ्या राहिलात तर मावतो सव्वादोन फुटांच्या आसपास. फरक चार बोटांचा. आणि पैसे वाचवायला तीच ८५ आताच्या बॉडीवर चढवलीत तर जेमतेम दीड फूट मिळेल, म्हणजे चेहरा आणि खांदे. मागे सरकायचं म्हटलं तर पाठीला झेरॉक्स मशीन.

“पोर्ट्रेट म्हणजे ८५” हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की त्याचं कारण कुणी विचारत नाही. कारण अंतरात आहे. चेहऱ्याची ठेवण लेन्स बिघडवत नाही, जवळीक बिघडवते. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं आणि कान मागे पळतात, कारण त्या अंतरावर नाक कानांपेक्षा कॅमेऱ्याच्या फारच जवळ असतं. पाच-सहा फुटांवर गेलं की हे प्रमाण आपण समोरासमोर बसून बघतो तसं होतं. ८५ एमएम तुम्हाला फुल फ्रेमवर त्या अंतरावर उभं राहायला भाग पाडते, एवढंच तिचं पुण्य. तुमची ५० एमएम क्रॉप सेन्सरवर ७५च्या आसपास काम करते. ते पुण्य तुमच्या बॅगेत आधीच आहे.

मागचं धूसर होण्याचं आकर्षण मी समजू शकते, पण तिथेही आकडे बघा. फुल फ्रेमवर ८५ एमएम, एफ १.४, अंतर १.७ मीटर, तर फोकसमध्ये राहतो सुमारे तीन सेंटिमीटरचा पट्टा. माणसाने मान जराशी वळवली की एक डोळा लख्ख आणि दुसरा धुरकट. तुमच्या ५० एमएमवर एफ १.८ला हा पट्टा आठ सेंटिमीटर होतो, पण तुम्ही उत्साहात चार फुटांवर सरकलात की पुन्हा चारवर येतो. तुम्ही लिहिलंय, “डोळे शार्प येत नाहीत, लेन्स खराब असावी.” लेन्स बहुधा ठीक आहे. एफ ४वर या, साडेपाच फुटांवर राहा. पट्टा अठरा सेंटिमीटरचा होतो आणि नाकापासून कानापर्यंत माणूस त्यात मावतो. गाळ्यात एफ ५.६देखील चालेल. धूसर करण्यासारखं मागे आहे काय, एक भिंत!

आता कर्ज. तीन लाख, तीन वर्षं, व्याज १४ टक्के धरलं तर हप्ता सुमारे १०,२५० रुपये. एका सिटिंगचे तुम्ही १,५०० घेतलेत आणि प्रिंट, प्रवास, चहापाणी धरून ४०० खर्च झाला तर हातात ११००. दहा सिटिंग होईपर्यंत त्या महिन्यात घरात एक रुपया येत नाही. फक्त रविवारी दोन-दोन सिटिंग केलीत तर महिन्यात आठ-नऊच होतील, म्हणजे पदराला खार. वेळेचाही हिशेब धरा. चाळीस मिनिटांच्या सिटिंगमागे निवड अर्धा तास, पाच फोटोंचा टच-अप सव्वा तास, प्रिंट आणि फोनाफोनी धरून तीन तास सहज जातात. ८५ एमएमचा मोह सुटतच नसेल तर मुंबईत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. एका शनिवारी आणा, आधी गाळ्यात लावा, मग उपवनला जा. घरी आल्यावर तिचे आणि ५० एमएमचे दहा-दहा फोटो आठ बाय दहाला प्रिंट करून उलटसुलट मांडा आणि आईला विचारा, कुठले चांगले. लेन्सचं नाव सांगू नका.

आणि मेगापिक्सेल. तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या फाइलमधून ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) वीस बाय तेरा इंचांचा प्रिंट निघतो. बारा बाय अठराच्या पुढे घरगुती भिंतीवर कुणी जात नाही.

माणसं आखडतात, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याला कॅमेऱ्याचं दुकान उपयोगाचं नाही. माणूस आखडतो ते शांततेमुळे. तुम्ही कॅमेऱ्यामागे डोळा लावून सेटिंग बदलत असता, त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, दिसते फक्त एक काळी काच. मग तो शाळेच्या ग्रुप फोटोत शिकला होता तसा बसतो. त्यावर तुम्ही “नॅचरल राहा” म्हणता. हे ऐकून आजवर कुणी नॅचरल झालेलं नाही, झोप येत नसणाऱ्याला “झोप” म्हणण्यातला प्रकार.

यावर इलाज ट्रायपॉडचा. माणूस येण्याआधीच स्टुलावर दुसऱ्या कुणाला बसवून लाइट, एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते), फ्रेम सगळं ठरवून ठेवा. माणूस आला की दहा मिनिटं कॅमेऱ्याला हात नाही. पंख्याखाली बसू द्या, आपल्याकडच्या दमट हवेत गोखले रोडवरून चालत आलेल्या माणसाचं कपाळ तसंही चमकत असतं. टिश्यू पेपरने घाम टिपायचा, घासायचं नाही. मग रिमोट हातात घेऊन लेन्सच्या अगदी शेजारी, कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या राहा, मागे नाही. त्याला बोलायला एक चेहरा मिळतो. पहिले वीस फोटो त्याला दाखवू नका, कारण प्रत्येक फोटोनंतर स्क्रीन बघितली की तो पुढच्या फोटोत मागच्या चुका सुधारत बसतो. “झालं!” असं म्हणा आणि तेव्हाच आणखी तीन काढा. त्या क्षणी खांदे खाली येतात.

बसवण्याचं म्हणाल तर बाबा तुमच्यापेक्षा पुढे आहेत. “मान सरळ, हनुवटी खाली” याची तुम्हाला लाज वाटते, पण या सूचनेत अर्धी शरीररचना आहे. तिला फक्त पुढचं अर्धं जोडायचं. पाठ नसलेलं स्टूल, गुडघे कॅमेऱ्यापासून तीस-चाळीस अंश वळवलेले, मग छाती आणि चेहरा परत लेन्सकडे. कंबरेतून इंच-दोन इंच पुढे झुकायचं. हनुवटी आधी पुढे, कासवासारखी, आणि मग किंचित खाली. नुसती खाली घेतली की गळ्याला वळ्या पडतात, पुढे घेऊन खाली केली की जबड्याची कड मोकळी होते. माणसाला हे वेडगळ वाटतं, म्हणून आधी स्वतः करून दाखवा. हातांना काम द्या. पदराचं टोक, चष्म्याची घडी, चहाचा कप, काहीही, मुठी मात्र नकोत. श्वास सोडायला सांगा आणि सोडून संपल्यावर बटण दाबा. फक्त चेहऱ्याचा फोटो असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, अर्ध्या अंगाचा असेल तर गळ्याच्या उंचीला. उभ्या-उभ्या काढून बसलेल्या माणसाला वरून बघू नका, विशेषतः म्हाताऱ्यांना. त्यांचं कपाळ मोठं होतं आणि माणूस बारीक.

चष्मा काढायला लावू नका. जो माणूस वीस वर्षं चष्म्यात दिसतो तो चष्म्याशिवाय घरच्यांनाही ओळखू येत नाही, शिवाय नाकावरचे दोन डाग उघडे पडतात. लाइट अर्धा फूट वर घ्या, चष्म्याच्या काड्या कानावरून जराशा उचला म्हणजे काचा खाली झुकतात, आणि चमक निघून जाते.

आता “खोटा” लाइट. बाबांच्या गाळ्यात लाइटच्या दोन छत्र्या दोन बाजूंना, सारख्या ताकदीच्या, हे मी न बघता सांगते. पासपोर्टच्या फोटोसाठी तेच बरोबर आहे, तिथे चेहऱ्यावर आणि मागे सावली चालत नाही. पण सावली पुसली की नाक, गाल, डोळ्यांची खोबण सगळं एका पातळीवर येतं आणि माणूस पत्रकावर छापल्यासारखा सपाट दिसतो. तुम्हाला खोटं वाटतं ते हेच. त्यावर उपाय फुकट आहे: एक छत्री बंद करा. उरलेली ४५ अंशांवर, तिचं मध्य डोळ्यांपेक्षा फूटभर वर आणि चेहऱ्यापासून साधारण तीन फुटांवर. तुमची छत्री तीन फुटी असेल तर एवढ्या जवळून ती चेहऱ्याला खिडकीसारखी वाटते. सहा फुटांवर नेलीत तर तीच छत्री बल्बसारखी कडक होते. मऊपणा तिच्या कापडात नसतो, चेहऱ्याच्या मानाने ती किती मोठी दिसते त्यात असतो. जवळ घेतल्याचा दुसरा फायदा म्हणजे भिंत तिच्यापासून चेहऱ्याच्या दुप्पट लांब पडली की भिंतीवर चौथाई उजेड पोचतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (उजेड निम्मा झाला की एक स्टॉप). पांढरी भिंत आपोआप राखाडी होते. पडद्याचे पैसे वाचले.

एवढं करून फोटो सपाटच आला तर दोष गाळ्याच्या भिंतींचा. दहा फूट रुंदीच्या पांढऱ्या खोलीत उजेड चेंडूसारखा फिरतो आणि सावलीच्या बाजूला जाऊन बसतो. त्या बाजूला, चेहऱ्यापासून दोन फुटांवर, काळं कापड टांगा, गाल लगेच आकार घेईल. उलट सावली फार गडद झाली, वयस्कर बाईंच्या बाबतीत ती नकोशीच असते, तर तिथेच पांढरा सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) उभा करा. एक बोर्ड, एका बाजूला काळा कागद चिकटवलेला, दोन्ही कामं करतो. फ्लॅश असेल तर शटर १/१२५ सेकंद, एफ ५.६, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० इथून सुरुवात करा. एलईडी पॅनेलवर काढत असाल तर शटर १/५० किंवा १/१००, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि वेगळ्या शटरला फोटोत आडवे पट्टे उमटतात. वरची ट्यूबलाइट बंद. समोरच्या दुकानाच्या लाल फ्लेक्सकडेही लक्ष असू द्या, दुपारी त्याच्यावर ऊन आलं की गालावर उतरतो.

दुकानाचं शटर उघडं टाकलं की तुमच्या गाळ्याला आठ फुटी खिडकी मिळते, हे तुमच्या लक्षात आलं नसावं. तुम्ही ज्या “नैसर्गिक” उजेडासाठी उपवनला रिक्षा करता तो दारात उभा आहे. दुपारी एक ते चार गिऱ्हाईक विरळ असतं (बाबांची वामकुक्षी असेल तर ती एकदा विचारून घ्या). काउंटर एका बाजूला सरकवता येत असेल तर शटरपासून तीन-चार फूट आत, रस्त्याला कड देऊन माणूस बसवा आणि शटरच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत पांढऱ्या मलमलीचा पडदा सोडा. पडदा उजेड पसरवतो, आणि येणारे-जाणारे थांबून बघत नाहीत, जे त्याहून महत्त्वाचं. तलावपाळीला माणसं आखडतात त्यातला निम्मा वाटा भेळ खात बघणाऱ्यांचा असतो.

तलावपाळीला भर दुपारी जाऊच नका. ऊन डोक्यावरून येतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. उपवनची संध्याकाळ मात्र चांगली. पश्चिमेला येऊरचे डोंगर असल्यामुळे सूर्य मावळायच्या आधीच त्यांच्याआड जातो आणि त्यानंतर बराच वेळ आकाशाचा मऊ उजेड मिळतो. चेहरा मोकळ्या आकाशाकडे, पाठ झाडांकडे. हिरवळीवर खाली बसवलंत तर हनुवटीखाली हिरवी झाक येते, अंगावर ओढणी किंवा मांडीवर पांढरा कागद ठेवा. ट्रायपॉड उभा केलात की रखवालदार विचारणारच, म्हणून व्यावसायिक कामासाठी परवानगी लागते का ते आधी विचारून ठेवा. ढगाळ जूनमध्ये आकाशच छत्री होतं, पण घरच्या एसीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात तर काचेवर वाफ धरते. बंद बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ द्या.

जागा लहान म्हणून खंत करू नका. ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३च्या डिसेंबरात, ४८व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. बाईंनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. अमेरिकन छायाचित्रकार आयर्विंग पेन यांच्याकडे तर न्यूयॉर्कमध्ये नीट स्टुडिओ होता, तरी १९४८ मध्ये त्यांनी त्यात मुद्दाम अरुंद कोपरा उभारला आणि नामवंतांना त्यात उभं केलं. कोणी भिंतीला रेललं, कोणी दोन्ही हात टेकले. अडचणीच्या जागेत शरीर आपोआप काहीतरी करतं. हे तुम्हाला जमण्यासारखं आहे. आठ बाय चारचे दोन प्लाय, मॅट राखाडी रंग, मधे बिजागऱ्या. सत्तर अंशांत उघडून उभे केलेत की कोपरा सव्वातीन फूट खोल होतो, तुमच्या भिंतीपाशी जेवढी जागा सोडली होती जवळपास तेवढाच. काम झालं की पुस्तकासारखा मिटून भिंतीला लावायचा.

“गोरं करा” म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला उपदेश करू नका, पण लगेच फोटो उजळवायचा स्लायडरही ओढू नका. आधी स्वतःचा फोटो तपासा. पांढऱ्या भिंतीसमोर किंवा पांढऱ्या शर्टात कॅमेऱ्याचा मीटर फसतो, सगळं जास्त उजळ आहे असं समजून एक्स्पोजर कमी करतो आणि सावळा चेहरा राखेसारखा पडतो. त्यात ट्यूबलाइटचा हिरवटपणा मिसळला की त्वचा आजारी दिसते. माणसाला स्वतःचा रंग ठाऊक असतो. फोटोत तो मळकट दिसला म्हणून तो त्याच्याकडे असलेला एकच शब्द वापरतो. एक्स्पोजर चेहऱ्यावर मोजून ठरवा, पहिल्या फोटोत ग्रे कार्ड (राखाडी पुठ्ठा) धरून व्हाइट बॅलन्स घ्या म्हणजे रंग खरे येतात, सावळ्या गालावर छत्रीची मोठी मऊ चमक येऊ द्या, तिथे तेज दिसतं. त्यानंतर ही मागणी खूप कमी होईल. तरी जे म्हणतील त्यांच्यासाठी काउंटरवर एक पाटी पुरे: रंग बदलत नाही. टच-अपचा नियमही सोपा ठेवा. पंधरा दिवसांत जे आपोआप जाणार, पुटकुळी, डास चावल्याचा वळ, पसरलेलं कुंकू, ते काढायचं. जे राहणार, तीळ, व्रण, सुरकुती, ते ठेवायचं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं निम्म्याने हलकी केलीत तर हरकत नाही, पूर्ण पुसलीत तर चेहरा झोपेतून उठल्यासारखा न दिसता प्लास्टिकचा दिसतो.

नोकरी आत्ता सोडू नका. तीन महिने, आठवड्याला दोन सिटिंग, एकूण चोवीस. एक कॅमेरा, एक ५० एमएम, एक छत्री, एक सनबोर्ड. पैसे पहिल्या सिटिंगपासून घ्या, कमी घ्या पण घ्या, फुकटच्या फोटोत माणूसही अर्धाच येतो. चोवीसपैकी निदान आठ जण ओळखीच्या बाहेरचे असावेत आणि त्यातल्या कुणीतरी दुसऱ्याला पाठवलेलं असावं. हे झालं तर नोकरीचा विचार करा, आणि कर्ज काढायचंच असेल तर आधी एक चांगला फ्लॅश, मोठा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) आणि लेन्स ठेवायला हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ठाण्याच्या पावसाळ्यात उघड्या कपाटातली ८५ एमएम एफ १.४ दोन वर्षांत बुरशीची रांगोळी काढते.

गिऱ्हाईक कोण, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. “पोर्ट्रेट” म्हणून कुणी दार ठोठावत नाही. लोकांना लग्नाच्या बायोडेटाचा फोटो हवा असतो, वागळे इस्टेट आणि ऐरोलीच्या कंपन्यांतल्या मुलांना लिंक्डइनचा, गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या आसपास वावरणाऱ्या नट-नट्यांना ऑडिशनचा. बायोडेटाच्या फोटोला येणाऱ्या अनेक मुलींना आणि त्यांच्या आयांना फोटोग्राफर बाई असलेली आवडते, हा तुमचा हक्काचा फायदा आहे. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला तो काही उगाच नाही. आणि एक गिऱ्हाईक बाबांना नेमकं ठाऊक असेल. लग्नातल्या ग्रुप फोटोतून आजोबांचा चेहरा कापून बारा बाय पंधरा करून द्या म्हणून येणारं. अंगठ्याएवढा, अर्धा दुसऱ्याच्या खांद्यामागे गेलेला चेहरा, खाली कुणाचा तरी सेहरा. तो फोटो हाराखाली वर्षानुवर्षं राहतो. घरोघरी जाऊन वयस्करांचे फोटो त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या खिडकीपाशी काढणं हे काम ठाण्यात कुणीतरी नीट करायला हवं. जाहिरातीत हाराचा उल्लेख अर्थातच नको. “पंचाहत्तरीचा फोटो” म्हणा, सोन्याच्या लग्नवाढदिवसाचा म्हणा.

अशा सिटिंगला बाबांना बरोबर घ्या. लेन्सच्या शेजारी स्टुलावर त्यांना बसवा आणि बोलू द्या. ३५ वर्षांत गल्लीतल्या निम्म्या लोकांची बारशी, मुंजी, लग्नं त्यांनी काढली असतील. ते “तुझा दादा कुठे असतो आता?” विचारतील तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येईल, ते तुमच्या सूचनांनी येणार नाही. रिमोट तुमच्या हातात आहे, तेवढं बास. छत्री एकच लावायची की दोन, यावर मात्र त्यांच्याशी भांडावं लागेल. भांडा, दोन्ही प्रकारे काढून प्रिंट शेजारी ठेवा.

राहिला माळा. भावाला सांगा, डब्यांना हात लावू नकोस. त्यात तुमच्या वस्तीची कित्येक वर्षं आहेत, आणि बाबांनी कुणाला कसं बसवलं हेही. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेट (एक प्रकारचं प्लास्टिक) फिल्म कुजायला लागली आहे. ते डबे आधी वेगळे काढा, कारण ती वाफ शेजारच्यांनाही बिघडवते, आणि त्यांचीच कॉपी आधी करा. प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून आम्लरहित कागदी पाकिटं, वर पेन्सिलीने साल आणि आडनाव. कॉपीसाठी स्कॅनर लागत नाही. मोबाइलवर पूर्ण पांढरी स्क्रीन लावा, वर दोन इंच अंतरावर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा, त्यावर निगेटिव्ह चकचकीत बाजू वर करून, आणि तुमचा कॅमेरा ट्रायपॉडवर सरळ खाली बघणारा. अगदी जवळून काढणारी मॅक्रो लेन्स नसेल तर ५० एमएम आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक्स्टेन्शन ट्यूब (पोकळ कडं) लावा. एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, खोलीत अंधार. कॉम्प्युटरवर रंग उलटे केले की झालं. सुरुवात ज्या डब्यावर बाबांच्या अक्षरात सगळ्यात जुनं साल असेल त्यापासून करा, आणि ती माणसं कोण आहेत ते विचारायला बाबांना शेजारी बसवून घ्या.